तीर्थपुरीहून आणलेला स्पंज

फिल्टर बदलल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी फिशटँकमधलं पाणी धुरकट दिसलं, कुणीतरी त्यात चमचाभर दूध सोडावं तसं. भागवतने आधी चष्मा पुसला. मग काचेवरून बाहेरून फडकं फिरवलं. काच स्वच्छ होती. जे काही होतं ते आत होतं.

सातही मासे वर आले होते. एरवी दाण्याच्या डबीचा आवाज ऐकला की ते असे वर येत, पण तेव्हा त्यांच्यात झटापट असे, शेपट्यांची फडफड असे. आज ते एकमेकांकडे बघतही नव्हते. पाण्याच्या कडेशी तोंडं लावून नुसती उघडझाप करत होते. तांबूचे कल्ले आतून लालभडक दिसत होते. काळू तर एका कुशीवर कलला होता, मध्येच दचकून सरळ होत होता, पुन्हा कलत होता.

आतल्या खोलीत खाटेची कुरकुर झाली. त्याची बायको कौसल्या उठली होती.

भागवतने दोरीवरची चादर ओढली आणि टाकीवर टाकली, चारी बाजूंनी नीट खाली सोडली. आपण असं का केलं हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. फक्त एवढंच कळत होतं की हे तिला दिसता कामा नये.

नऊ महिन्यांपूर्वी चूल-ओट्याजवळ कणीक मळता मळता कौसल्या खाली बसली होती. बसली असंच त्याला वाटलं होतं. जवळ गेला तेव्हा तिचं अर्धं तोंड खाली ओघळलेलं होतं आणि ती त्याच्याकडे बघून काहीतरी सांगत होती, ज्यातला एकही शब्द शब्द नव्हता. दवाखान्यातून घरी आली ती उजवा हात आणि वाचा तिथंच ठेवून. डॉक्टरांनी भागवतला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दाब वाढू द्यायचा नाही, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. हे वाक्य भागवतच्या छातीत जे रुतून बसलं ते निघालंच नाही. तिला ठसका लागला तरी तो धावत जाई. ती जरा जास्त वेळ झोपली तर नाकाशी बोट धरून बघे.

फिशटँक लेकीने, प्रियदर्शनीने पाठवला होता. वाचेचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं, की त्यांना रोज बघायला काहीतरी हलतं, जिवंत द्या. भागवतला तेव्हा ते खूळ वाटलं होतं. पण कौसल्या रोज सकाळी खुर्ची ओढायला लावायची आणि काचेपुढे बसायची. सव्वा महिन्याने एका दुपारी त्याने स्वयंपाकघरातून ऐकलं, "तां... बू." मग दोन दिवसांनी, "काळू." पुढे चांदी, राणी. सातही माशांची नावं आली, त्यांच्या मागोमाग पाणी, चहा, दार, असे घरातले शब्द एकेक करून यायला लागले. भागवतच्या मनात याचा एक हिशोबच बसला होता. मासे आहेत तोवर बोलणं आहे. बोलणं आहे तोवर ती आहे.

आणि आता मासे तोंड वासून वर आले होते.

"अहो," आतून हाक आली. एवढा एक शब्द तिला आता बिनचूक येत होता.

"आलो," तो म्हणाला.

तिला धरून बाहेर आणलं. कौसल्याने चादरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"फिल्टरचं काम निघालंय जरा," तो म्हणाला. "उजेड लागू द्यायचा न्हाई म्हणून झाकलंय. दुपारपर्यंत होईल."

ती त्याच्याकडेच बघत राहिली. त्याने नजर वळवली आणि चहा टाकायला गेला.

शेजारच्या झुंबरबाई तिला आंघोळ घालायला आल्या तसा तो स्कूटर काढून बाजाराकडे निघाला. अंबडच्या भाजी बाजारामागे महजबीनचं माशांचं दुकान होतं. तिचे वडील फकरोद्दीन यांनी ते काढलं होतं, आता तीच बघायची. पंचविशीची असेल, पण माशांबद्दल बोलायला लागली की समोरच्याला खाली मान घालून ऐकावं लागे.

भागवतने एका दमात सांगितलं. पाणी पांढरं झालंय, मासे वर आलेत, कल्ले लाल झालेत.

"खायला जास्ती टाकलं का?"

"न्हाई. रोजचंच."

"मंग काही बदललं का टाकीत? चार-पाच दिवसांत?"

भागवतला जरा हुरूप आला, कारण ते काम त्याने फार मन लावून केलं होतं. "फिल्टर बदलला ना. पार काळा पडल्ता, सगळा गाळ. जालन्याला गेल्तो, तिथून सगळं नवं सामान आणलं. कापूस, स्पंज, त्या पांढऱ्या रिंगा, कोळशाची पिशवी. डबा ब्लीचिंग पावडरनं घासून काढला. खालचे दगड पण धुतले त्याच पाण्यात. इतका चकाचक कधी नव्हता."

महजबीन हातातली जाळी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"जुना स्पंज कुठंय, काका?"

"फेकला."

"रिंगा?"

"त्या पण. घंटागाडीत टाकलं सगळं."

"सगळं एकाच दिवशी?"

भागवतने मान डोलावली. एकतीस वर्षं त्याने एस.टी.च्या आगारात हेच केलं होतं. डिझेलचा फिल्टर असो की हवेचा, काळा पडला की काढायचा, फेकायचा, नवा बसवायचा. अर्धवट काम करणाऱ्याला तो शिव्या घालायचा. जुना फिल्टर धुऊन परत बसवणारा मेकॅनिक त्याच्या लेखी मेकॅनिकच नव्हता.

"काका, ती घाण नव्हती," महजबीन हळू आवाजात म्हणाली. "मासे पाण्यातच खातात, पाण्यातच हगतात. त्याचं जहर होतं पाण्यात. ते जहर खाणारे बारीक जंतू असतात, डोळ्याला दिसत न्हाईत. ते त्या स्पंजात, रिंगांत घर करून राह्यतात. महिने लागतात त्यांना वाढायला. तुम्ही ते सगळेच फेकून दिले. डबा, दगड, कुठंच ठेवले न्हाईत. आता जहर साचून राह्यलं अन् खाणारं कोणीच न्हाई."

भागवत स्टुलावर बसला.

त्याने सोबत बाटलीत टाकीतलं पाणी आणलं होतं. महजबीनने ते काचेच्या छोट्या नळीत ओतलं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकले आणि नळी हलवली. "पिवळं राह्यलं तर चांगलं. हिरवं झालं तर खराब." भागवत नळीवर वाकला. पाणी आधी पिवळं झालं, मग हिरवट, आणि बघता बघता कडूनिंबाच्या पानासारखं गडद हिरवं.

"किती वेळ हाय?" त्याने विचारलं. दवाखान्यातही त्याने असंच विचारलं होतं, त्याच आवाजात.

"आज काही केलं न्हाई तर उद्यापर्यंत एक पण राहणार न्हाई. सात गोल्डफिश हायेत ना? त्यात गोल्डफिश घाण लई करतात."

मग ती भराभरा सांगत गेली आणि तो तोंडातल्या तोंडात म्हणत गेला. टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढायचं. तेवढंच साठवलेलं पाणी घालायचं, त्यात क्लोरीन मारायचं औषध घालून. दाणा बिलकुल टाकायचा नाही. मगाने पाणी घेऊन उंचावरून टाकीतच सोडत राहायचं, म्हणजे हवा मिसळते. कल्ले जळले असले की श्वास पुरत नाही त्यांना.

"पण हे सगळं वेळ काढायला," ती म्हणाली. "खरा इलाज म्हणजे जुन्या, चालू टाकीतला स्पंज. त्यात जंतू तयार असतात. तो आणून तुमच्या फिल्टरमध्ये बसवायचा."

"मंग दे ना. इथं एवढ्या टाक्या हायेत."

महजबीनने मान हलवली. "माझ्याकडचा न्हाई देऊ शकत. मागच्या आठवड्यात नवा माल आल्ता, त्याला पांढरे ठिपके निघाले. सगळ्या टाक्यांत औषध चालू हाय. त्यानं जंतू पण मेले असतील. अन् वाचले असतील तर रोगासकट तुमच्या घरी येतील."

"दुसऱ्या कोणाकडं?"

तिने जरा विचार केला. "तीर्थपुरीला राधेश्यामभाऊ हायेत. कापडाचं दुकान हाय त्यांचं. त्यांची टाकी नऊ वर्षांची हाय, एकदा पण बिघडली न्हाई. दोन स्पंज चालतात त्यांच्याकडं. मी फोन करते. पण ध्यानात ठेवा काका, स्पंज धुवायचा न्हाई, पिळायचा न्हाई. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून उघड्या बादलीत आणायचा. पिशवीत बांधला की गुदमरतो. ऊन लागू द्यायचं न्हाई. जितक्या जल्दी याल तितकं बरं."

घरी येऊन त्याने पाणी बदललं, तेव्हा कौसल्या न्हाणीघरातच होती. चादर उचलली तर चांदी तळाशी पडलेली होती. तिला जाळीने काढून कागदात गुंडाळताना कागद दोनदा सुटला. त्याने ती पुडी परसात पुरली, हात धुतले, आणि झुंबरबाईंना अंगणात बोलावून हलक्या आवाजात सगळं समजावलं. वरून पाणी कसं सोडायचं ते करून दाखवलं.

"पण तिला कळू देऊ नका," तो म्हणाला. "तिचा दाब वाढला तर..."

"जा तुम्ही," झुंबरबाई म्हणाल्या. "मी हाय इथं."

स्कूटरवर पाण्याची बादली आणता येणार नव्हती, म्हणून तो बसनेच गेला. ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे होते. कंडक्टरने काहीतरी थट्टा केली, भागवतने ती ऐकली नाही. खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ओळीने चालल्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीमागे बस हळू झाली की तो घड्याळ बघत होता. एकच चित्र डोळ्यांपुढे राहून राहून येत होतं. कौसल्या खुर्चीतून उठते, एका हाताने चादर ओढते, आणि खाली बसते. तशीच. ओट्याजवळ बसली होती तशी.

राधेश्यामभाऊ दुकानाच्या पायरीवरच उभे होते. घरी घेऊन गेले. त्यांच्या बैठकीत भिंतीएवढी टाकी होती, पाणी कसं, तर मासे हवेत तरंगतायत असं वाटावं. फिल्टरमधून त्यांनी जो स्पंज काढला तो मात्र तपकिरी, बुळबुळीत, गाळाने भरलेला होता. चार दिवसांपूर्वी भागवतने असा स्पंज नाक मुरडून कचऱ्यात टाकला होता.

"मी याला महिन्यातून एकदा हात लावतो," राधेश्यामभाऊ म्हणाले. "टाकीतलं पाणी बादलीत काढायचं, त्यात दोनदा दाबायचं, बस. नळाखाली कधीच न्हाई. वरचा कापूस तेवढा फेकायचा, तो कचरा धरायलाच असतो. रिंगांना तर मी दोन-दोन वर्षं बघत न्हाई. एखादी बदलायची झाली तर थोड्या काढायच्या, नव्या जुन्यांशेजारी ठेवायच्या. शेजाऱ्यांनीच वस्ती वाढते."

त्यांनी स्पंजासोबत मूठभर जुन्या रिंगाही बादलीत टाकल्या. "दिलेल्या जागी मी नवं भरीन. माझी टाकी सोसंल. तुम्ही निघा."

परतीच्या बसमध्ये भागवत सगळ्यात पुढच्या सीटवर बसला. बादली दोन पायांत धरली होती, वरून ओला रुमाल सावलीपुरता. सोबत स्टीलचा पेला होता. त्याने पेलाभर पाणी घ्यायचं आणि वरून बादलीत सोडायचं, पुन्हा घ्यायचं, पुन्हा सोडायचं. शेजारच्या म्हातारबाबाने विचारलं, "काय हाय त्यात?"

"औषध," भागवत म्हणाला.

अर्ध्या वाटेवर बस थांबली. पुढे उसाची ट्रॉली उलटली होती. रस्ताभर ऊस पसरला होता आणि दोन्हीकडे गाड्या लागल्या होत्या. क्रेन येतेय म्हणत होते, कुठून येतेय ते कुणाला माहीत नव्हतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. भागवत पाणी सोडत राहिला. हात भरून आला.

तेवढ्यात फोन वाजला. झुंबरबाई होत्या, आणि त्यांचा आवाज चढलेला होता.

"अहो भाऊ, दार बंद झालंय. मी नातीला घ्यायला शाळेच्या गाडीपाशी गेल्ते, दोन मिनिटं. दार ओढल्या गेलं अन् ते लॅच लागलं. चावी तुमच्यापाशी हाय ना? मी किती वाजवून राह्यले, कौसल्या उघडत न्हाई."

"हाक मारा तिला."

"मारली. लाईट पण गेलीय, बेल वाजत न्हाई. ती काही बोलत न्हाई हो."

"खिडकीतून बघा."

"पडदा हाय."

भागवतला पुढचं ऐकू आलं नाही. कानात नुसता घूं असा आवाज भरला. लाईट गेली म्हणजे फिल्टर बंद. पण त्या क्षणी त्याला फिल्टरचं, माशांचं काही वाटलं नाही. ती पडली असेल. पडली असेल आणि डोळे उघडे असतील आणि ती शब्द शोधत असेल. मी घरात नाही. मी एका स्पंजापायी तीर्थपुरीला आलो, आणि मी घरात नाही.

बादली तिथंच सोडून पळावं असं त्याला वाटलं. पण पाय उचलताना हात आपोआप बादलीच्या कडीकडे गेला. तो बादली घेऊन बसमधून उतरला, उसावरून, चिखलातून, तिरप्या झालेल्या ट्रॉलीला वळसा घालून पलीकडे गेला. पलीकडे मोसंबीचे रिकामे कॅरेट घेऊन एक टेम्पो वळून अंबडकडे परत निघाला होता. चालकाने त्याचं तोंड बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं.

"दवाखाना का?" वाटेत त्याने विचारलं.

"घर," भागवत म्हणाला. त्याने झुंबरबाईंना तीनदा फोन लावला. एकदा लागला. अजून तसंच होतं. कुलूपवाल्याला आणायला कुणीतरी गेलं होतं.

गल्लीत दारापुढे पाच-सहा जणी जमल्या होत्या. त्या बाजूला झाल्या. भागवतने चावी काढली, पण भोकात घालण्याआधी क्षणभर थांबला. आत काय असेल ते बघायची त्याची हिंमत होईना. दाराला कान लावला.

आतून पाण्याचा आवाज येत होता. पाणी पडल्याचा. मग थोडी शांतता. मग पुन्हा पाणी पडल्याचा.

त्याने दार उघडलं.

चादर जमिनीवर पडली होती. फरशीवर पाणीच पाणी होतं. आणि कौसल्या उभी होती. कंबर टाकीच्या स्टँडला टेकवून, निकामी हात पोटाशी लोंबत, डाव्या हाताने पेला टाकीत बुडवत होती, डोक्याएवढा वर उचलत होती आणि पाणी सोडत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. पाय लटलटत होते. वळून न बघता तिने पुन्हा पेला बुडवला.

भागवतने बादली खाली ठेवली आणि तिला मागून धरलं. तेव्हा तिने अंग त्याच्यावर सोडलं. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. वाजवलेलं दार, मारलेल्या हाका तिने ऐकल्या होत्या, हे तिने पुढे कितीतरी दिवसांनी तुटक तुटक सांगितलं. पण हात थांबला की मासे वर येत होते. दार दहा पावलांवर होतं. दहा पावलं जाऊन दहा पावलं येईपर्यंत त्यांचं काय झालं असतं, असं तिचं म्हणणं.

आत्ता मात्र ती त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "उशीर."

"हो," तो म्हणाला. "लई उशीर झाला."

झुंबरबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, कोरडं नेसवलं. भागवतने दाब मोजायचं यंत्र आणलं, तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा वाढलेला होता, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेच्या खालीच होता. त्याने दुपारची गोळी दिली, पाच मिनिटांनी पुन्हा मोजला, पुन्हा पाच मिनिटांनी.

"स्पंज," कौसल्याने बादलीकडे बोट केलं. हा शब्द तिला झुंबरबाईंकडून मिळाला होता. झुंबरबाईंनी भागवत निघताच सगळं सांगून टाकलं होतं, त्यांच्या पोटात कधीच काही राहिलं नाही.

भागवतने फिल्टरचा डबा उघडला. नवा, पांढराशुभ्र स्पंज काढून बाजूला ठेवला. त्या जागी तीर्थपुरीचा तपकिरी, गाळाचा स्पंज तसाच, न पिळता बसवला. जुन्या रिंगा नव्यांमध्ये मिसळल्या. लाईट नव्हती, म्हणून पाणी मगाने वरून त्या स्पंजावर सोडत राहिला. पाऊण तासाने लाईट आली आणि फिल्टर घरघरला. त्या घरघरीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो मान फिरवून उभा राहिला.

राणी गेली होती. काळू संध्याकाळी गेला. महजबीन दुकान बंद करून आली, थेंब टाकून पाणी तपासलं, पुन्हा थोडं बदलायला लावलं. "आज रंग बघू नका," ती म्हणाली. "परवा बघा. त्यांना नव्या घरात बसायला वेळ लागतो." जाताना तिने कौसल्याच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि चपला घालता घालता थांबली. "मावशी, आज तुम्ही नसत्या तर हे चार पण गेले असते."

परवाही पाणी हिरवंच होतं, जरा फिकट. भागवत दिवसातून चार वेळा नळी हलवायचा आणि चार वेळा दाबाचं यंत्र लावायचा. एकेका रंगाला, एकेका आकड्याला त्याचा जीव टांगलेला असायचा. कौसल्या दोन दिवस खाटेवरून उठू शकली नाही. पोटऱ्या सुजल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले आणि तिच्यावर नाही, भागवतवर चिडले. त्याने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या खाटेशी बसून सांगितलं. झुंबरबाईंनी सांगितलं होतंच, पण त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. की फिल्टर मी फेकला. सगळा. मला वाटलं मी चांगलं करून राह्यलो. अन् मंग तुझ्यापासून झाकलं. चांदीला परसात पुरलं अन् तुला सांगितलं न्हाई.

कौसल्याने चांगला हात उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. ओठ दोनदा हलले आणि थांबले. भागवत मदतीला गेला नाही, वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तसं सांगितलं होतं.

"झाकू... नका," ती म्हणाली.

"न्हाई झाकणार."

"मी... हाय."

नवव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. भागवतने ती खिडकीच्या उजेडात धरली, मग दारात जाऊन बघितली, मग महजबीनला फोन करून विचारलं, की पिवळं म्हणजे लिंबासारखं पिवळं ना? ती हसली आणि हो म्हणाली. तांबू तळाशी दगड चोखत फिरत होता. बाकीचे तिघे त्याच्यामागे होते.

दीड महिन्याने कापूस बदलायची वेळ आली. भागवतने टाकीतलं पाणी बादलीत काढलं, फिल्टरचा डबा उघडला आणि तसाच उभा राहिला. भीती अजून गेली नव्हती. ती जाईल असं आता त्याला वाटतही नव्हतं. कौसल्या काठी टेकत आली, खुर्चीत न बसता त्याच्या शेजारी उभी राहिली आणि डब्यात डोकावली.

त्याने वरचा काळा पडलेला कापूस काढला. तिने मान डोलावली. स्पंज काढला, बादलीतल्या पाण्यात एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा दाबायला गेला तशी तिने काठीने बादलीला टोकलं.

"बस," ती म्हणाली.

त्याने स्पंज होता तसा परत ठेवला, नवा कापूस वरून पसरला, झाकण लावलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.